सिकलसेलग्रस्त मुलांचे पालक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत सिकलसेल हा अनोळखी आजार नाही. गोंड, माडिया या आदिवासी समाजांप्रमाणेच इतर समाजांतही तो आढळतो, तरीही त्याविषयीच्या चर्चेत आजारी मूल तेवढे दिसते आणि त्याच्या उशाशी रात्र जागून काढणारे आईवडील नजरेआड राहतात. या आजारात हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन, सदोष असल्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती वा पोटात असह्य कळा उठतात.

पालकांना सर्वाधिक पोखरणारा गैरसमज म्हणजे मुलाचे दुखणे आईकडून आले, किंवा ते करणीचे वा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे. वस्तुस्थिती अशी की, हा आजार होण्यासाठी सदोष जनुक, म्हणजे आनुवंशिक गुण ठरवणारा घटक, आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो. एकच सदोष जनुक असलेल्या व्यक्तीला वाहक म्हणतात. ती बहुधा निरोगी असते, त्यामुळे रक्ततपासणी होईपर्यंत तिला स्वतःलाही याचा पत्ता नसतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते, आणि आधीचे मूल कसे निघाले यावर पुढच्या मुलाची शक्यता अवलंबून नसते. हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले त्याचेही कारण नैसर्गिक आहे : वाहकाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अशा स्थितीत केवळ सुनेला बोल लावणे हा उघड अन्याय होय.

‘जंगलातल्या माणसांना सोसण्याची सवय असते’ हे विधानही तितकेच खोटे आहे. वेदना केव्हा उठेल हे सांगता येत नसल्याने पालकांची जागरूकता कधीच सुटत नाही. ताप चढला की तातडीने दवाखाना गाठायचा, उन्हाळ्यात मुलाला वारंवार पाणी पाजायचे, डाव्या बरगडीखाली बोटांनी चाचपून प्लीहा, म्हणजे पाणथरी, अचानक वाढली नाही ना हे पाहायचे, ही कामे आईच्या अंगवळणी पडतात. काळजी मात्र अंगवळणी पडत नाही. त्यात तेंदूपत्त्याच्या हंगामातली मजुरी बुडते, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद झाला की जवळचा दवाखानाही दूर होतो. दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांच्या पालकांत नैराश्य व चिंताविकाराचे प्रमाण अधिक आढळते. ते मनाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे.

‘आता काही उपाय नाही’ हेही खरे नाही. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे आणि १ जुलै २०२३ पासून या आजारासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. परंतु तपासणी आणि औषध मुलाला मिळत असताना, ‘तुम्हाला झोप लागते का?’ हा प्रश्न आईवडिलांना क्वचितच विचारला जातो. आशा कार्यकर्ती, परिचारिका आणि डॉक्टर यांनी तो प्रत्येक भेटीत विचारावा, आणि पालकांनीही संकोच न करता उत्तर द्यावे; मन मोकळे करण्यासाठी १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावरची शासनाची टेली-मानस सेवा विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.