ह्युएनत्संगाचा 'महाराष्ट्र' आणि चिनी परंपरा

चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग हा इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. येथील लोकांच्या बाणेदारपणाचे त्याने केलेले वर्णन मराठी इतिहासग्रंथांतून वारंवार उद्धृत होते. परंतु हे वर्णन चिनी वाचकांसाठी, चिनी सम्राटाच्या इच्छेनुसार व चिनी लिपीत लिहिले गेले आहे. त्याचे खरे मोल ठरविण्यासाठी त्यामागील भूमी, राजसत्ता व विचार यांचा परिचय आवश्यक ठरतो.

चिनी संस्कृती प्रथम ह्वांग हो नदीच्या खोऱ्यात, वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळ्या मातीत रुजली व पुढे दक्षिणेस यांगत्सेपर्यंत पसरली. पश्चिमेकडे तिबेटचे पठार आणि विस्तीर्ण वाळवंटे असल्यामुळे बाहेरच्या जगाशी खुष्कीचा संबंध मुख्यत्वे कान्सूच्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच राहिला. शांग व चौ या राजवंशांनंतर इ. स. पू. २२१ मध्ये छिन् वंशाने देश एकछत्री केला व लिपीस एकरूपता दिली. हान वंशाच्या काळात (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) इतिहासग्रंथांत परदेशांची पद्धतशीर माहिती नोंदविण्याचा प्रघात पडला. पुढील फाटाफूट स्वी वंशाने संपविली आणि ६१८ मध्ये थांग वंश सत्तेवर आला. ह्युएनत्संग राजाज्ञेवाचून देशाबाहेर पडला होता; तथापि ६४५ मध्ये तो परतल्यावर सम्राट थाय्‌त्सुंगने त्याच्याकडून पश्चिमेकडील देशांचा वृत्तान्त मागविला. तो ६४६ मध्ये सिद्ध झाला.

या वृत्तान्तातील बहुतेक प्रकरणांचा साचा एकच आहे : देशाचा घेर, राजधानी, माती, हवा, लोकस्वभाव, राजा व धर्म. महाराष्ट्राचा घेर सहा हजार ली, विहार शंभराहून अधिक, भिक्षू सुमारे पाच हजार, हे आकडे त्या साच्यातील ठोकळ अंदाज होत. त्यांना शिरगणती मानणे योग्य नव्हे. याउलट पूर्व सीमेवरील डोंगरातील विहार, तो बांधविणारा अर्हत अचल व दाराबाहेरील दगडी हत्ती हे तपशील साच्याबाहेरचे असून अजिंठ्याशी जुळतात. तेथील २६ व्या लेण्याच्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आढळते.

लोकस्वभावाच्या वर्णनातही चिनी दृष्टी दिसते. कुंग फूत्स (इ. स. पू. ५५१ ते ४७९) याच्या शिकवणीत कर्तव्य व शिष्टाचार यांना मध्यवर्ती स्थान आहे. येथील लोक उपकार स्मरतात, अपमानाचा सूड घेतात, पण शत्रूला आधी सूचना देऊन मगच लढतात, असे ह्युएनत्संग सांगतो, तेव्हा त्या कसोट्या त्याच्या वाचकांस परिचित होत्या. थांग घराणे स्वतःस लाओत्सचे वंशज मानी. लाओत्सच्या नावावरील ग्रंथाचे संस्कृत भाषांतर करण्याची आज्ञाही ह्याच बौद्ध पंडितास ६४७ मध्ये झाली होती.

आता देशनामाचा विचार करू. चिनी लिपीत वर्ण नसतात; एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. 'महाराष्ट्र' या नावासाठी योजलेली चार चिन्हे आधुनिक उच्चाराने साधारण 'मो-हो-ला-छा' अशी वाचली जातात व मूळ नाव ओळखूही येत नाही. थांगकालीन उच्चार मात्र 'म-ह-लत्-ठा' असा पुनर्रचित होतो. त्या चिनीत आरंभीचा 'र' नसल्याने 'ल' आला. तिसऱ्या अक्षराच्या अखेरचा 'त्' पुढील 'ठ'शी मिळून द्वित्वाचा भास देतो. हे रूप संस्कृत 'राष्ट्र'पेक्षा प्राकृत 'रट्ठ'ला अधिक जवळचे आहे. सुराष्ट्राच्या नावातही अखेरची हीच दोन चिन्हे येतात; म्हणजे ही योजना सहेतुक होय. तेवढ्यावरून लोकभाषेविषयी अंतिम निर्णय करता येणार नाही, परंतु इ. स. ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीतील संस्कृत 'महाराष्ट्रक' या रूपाशेजारी ठेवता हा पुरावा महत्त्वाचा ठरतो.

आधुनिक उच्चारावर विसंबणाऱ्या भाषांतरांत हा पुरावा लोप पावतो. पुण्याचे पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्यासह एका चिनी विनयग्रंथाचा अनुवाद केला व तो भांडारकर संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. चिनी मूळ वाचण्याची ती परंपरा चालू राहिली, तरच महाराष्ट्राच्या भाषेतिहासाचा हा दूरदेशी साठा अभ्यासकांच्या हाती येईल.