दिव्यांग विद्यार्थी आणि तंबाखूचे व्यसन

आपल्या खेड्यातील शाळांतून शिकून गेलेली दिव्यांग मुले आता महाविद्यालयात दिसू लागली आहेत. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखण्याची तरतूद २०१६ च्या कायद्याने केली आहे. ही गोष्ट समाधानाची खरी; परंतु घरापासून दूर राहणाऱ्या ह्या तरुणांस तंबाखूपासून कसे दूर राहावे, हे कोणी शिकविलेले नसते.

हे व्यसन बहुधा मैत्रीच्या वाटेने येते. अंध मुलास बाजारापर्यंत सोबत हवी असते. कुबड्या घेऊन चालणाऱ्यास जिन्यावर आधार हवा असतो. सोबत्याने मळलेली चिमूट पुढे केली, तर ती नाकारल्याने सोबतच तुटेल, असे भय त्यास वाटते.

आपले इशारेही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो; अंधास तो दिसत नाही. व्यसनमुक्तीचे व्याख्यान कर्णबधिरास ऐकू येत नाही; दूरध्वनीवरून मिळणारा सल्लाही त्यास निरुपयोगी ठरतो.

उलट त्यांची हानी मात्र अधिक होऊ शकते. धूम्रपानाने मोतीबिंदूचा संभव वाढतो. अल्पदृष्टी असलेल्याची उरलीसुरली दृष्टीही त्याने धोक्यात येते. धूम्रपान करणाऱ्याच्या जखमा उशिरा भरतात. सतत चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यास बैठकीचे व्रण होतात, त्यास ही बाब घातक होय. सुपारीयुक्त गुटख्याने तोंड उघडेनासे होते; ज्याचे बोलणे मुळातच अडखळते, त्याची वाचाच त्यामुळे हरपू लागते.

ह्यास्तव शिक्षकबंधुभगिनींनी प्राथमिक शाळेतच पुढील गोष्टी कराव्यात :

१. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. सर्व मुलांकडून हे करवून घ्यावे व गुटख्याने ही जागा कशी आक्रसते, ते सांगावे. ह्या पाठास डोळे लागत नाहीत.

२. कर्णबधिर व मंदगतीने शिकणाऱ्या मुलांस नकार देण्याचा प्रसंग हावभावांनी करून दाखवावा आणि त्यांच्याकडून तो वारंवार करवून घ्यावा.

३. दिव्यांग मुलास सोबत करण्याच्या पाळ्या लावाव्यात. मदत हे वर्गाचे काम ठरले, म्हणजे ती एकाचे उपकार राहत नाही व तिची किंमतही मोजावी लागत नाही.

४. कोणत्याही मुलास तंबाखू आणावयास पाठवू नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. असे दुकान आढळल्यास ग्रामपंचायतीच्या निदर्शनास आणावे.

दिव्यांग मुलास अक्षरे शिकवून आपण त्यास महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेतो. सोबत न गमावता ‘नको’ म्हणता येते, हा विश्वासही त्याच शिदोरीत बांधून द्यावयास हवा.