अर्धे उघडे कान

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात राहतो, बाहेर दिवसभर रिक्षांचे हॉर्न. म्हणून आधी बंद कपांचा हेडफोन घेतला. एका रात्री मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत बसलो होतो. आतल्या खोलीत बाबा पाणी मागत होते, ते मला ऐकूच आलं नाही. मग सेमी-ओपनकडे वळलो.

हेडफोनचा पडदा हलला की आवाज पुढे कानाकडे येतो, तसाच मागेही जातो. बंद कपात तो आपटून परत येतो, त्यामुळे खर्ज गढूळ होऊ शकतो. पूर्ण उघड्या कपातून निघून जातो. तानपुरा मोकळा वाटतो, पण डग्गा बऱ्याचदा हलका पडतो. सेमी-ओपनमध्ये मागे मोजकीच छिद्रं असतात, म्हणून दोन्ही थोडं थोडं मिळतं.

माझा व्हिएन्नात सुरू झालेल्या एकेजी कंपनीचा के-२४० आहे. ५५ ओहमचा, फोनवर जरा दबका वाजतो. डोक्यावरची पट्टी आपोआप बसते, कान कमी तापतात. रेक्झिनच्या गाद्या मात्र एप्रिलमध्ये चिकटतातच. आणि आवाज बाहेर झिरपतो, बसमध्ये वापरू नका!

बाबांची हाक आता ऐकू येते. कधी कधी तेच विचारतात, “आज कोण गातंय रे?”