छटाकभर चरबी आणि चौघांचे संगनमत

रविवारी सकाळी पनवेलच्या बाजारात कोंबडीच्या दुकानापुढे उभे राहिले की एक तक्रार हमखास कानी पडते : "दीड किलोच्या कोंबडीत चरबीच छटाकभर!" दुकानदारही हजरजबाबी. "काकू, बॉयलर आहे. खाते नि बसते." एवढे ऐकताच आमच्या सौ.ने थोरल्या चिरंजीवांकडे पाहिले. तो बिचारा पिशवी धरून उभा होता. घरात दोघे भाऊ एकाच ताटात जेवतात. धाकटा काडीपैलवान, हा गुबगुबीत. बोलणी मात्र यालाच.

पण खाण्याबसण्यावरच सारे भागत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये पॉल सीगल यांनी १९५७ साली प्लिमथ रॉक कोंबड्यांची दोन घराणी पाडली. छप्पन्नाव्या दिवशी वजनात भारी भरतील त्यांची संतती एका घराण्यात, हलक्यांची दुसऱ्यात. दाणा दोघांना एकच. चाळीस पिढ्यांनंतर वजनातला फरक नऊपटींच्या आसपास गेला! भारी घराण्याला दाणा मोजून घालावा लागतो, नाहीतर लठ्ठपणा ठरलेला. हलक्या घराण्यातली काही पिल्ले भरल्या भांड्यापुढे उपाशी राहतात.

मग यामागे एखादे जबरदस्त जनुक असेलच की! स्वीडनमधल्या कार्लबोर्ग प्रभृतींनी दोन्ही घराण्यांची सोयरीक जमवली आणि नातवंडे तपासली. एकेकटे पाहता कोणाचाच फारसा प्रताप दिसेना. जोड्या लावून पाहिल्यावर चौघांचे संगनमत उघडकीस आले; ते त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. मधोमध एक, भोवती तीन. मधल्याची साथ असली की तिघांना जोर चढतो. नसली की तिघेही बरेचसे थंड. बँडमास्तर रुसला तर वाजंत्री काय वाजवणार?

हे झाले वजनाचे. खास पोटातल्या चरबीसाठी चीनमधल्या हार्बिनच्या कृषी विद्यापीठाने १९९६ पासून अशीच दोन घराणी वाढवली. तिथेही २०१० साली चरबीच्या पेशी घडवण्याशी संबंध असलेली दहा जनुके पारखली, तेव्हा जोडीजोडीने होणारे परिणाम आढळले.

खरे तर कोंबड्याने हे गुपित फार पूर्वीच डोक्यावर मिरवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटसन आणि पनेट यांनी गुलाबी घाटाच्या तुऱ्याचा वाटाणी तुऱ्याशी संकर केला. पिल्लांना तुरा आला तिसराच, अक्रोडासारखा!

हे सारे मी रस्साभाताबरोबर सौ.ला ऐकवले. "माझा मुलगा म्हणजे कोंबडी नव्हे," ती म्हणाली. म्हणणे रास्त होते. पण फराळाच्या वेळी थोरल्याच्या ताटलीत धाकट्याइतक्याच चकल्या पडल्या, आणि त्याने माझ्याकडे चोरून पाहिले.