दिवाळींतला किल्ला आणि त्यावरचे मावळे
दिवाळी जवळ आली कीं महाराष्ट्रांत अंगणोअंगणीं दगडमातीचा किल्ला उभा राहतो आणि माळ्यावरचे मातीचे मावळे खालीं उतरतात. हा खेळ खरा. परंतु किल्ला विचारानें रचला, तर दुर्गबांधणीचा पहिला धडा त्यांतच मिळतो.

पहिली अडचण प्रमाणाची. दोन इंची मावळा म्हणजे माणसाचा सुमारें ३३ वा हिस्सा. वेल्ह्याकडील राजगडाची संजीवनी माची सुमारें अडीच किलोमीटर लांब. या प्रमाणानें ती एकटीच ७५ मीटर जागा अडवील! म्हणून सबंध गड न करितां त्याचा एकच भाग निवडावा: संजीवनीची दुहेरी तटबंदी, अथवा भोरजवळच्या रोहिड्याच्या तीन दरवाजांपैकीं एक.

दगडविटा रचून त्यांवर चिखलांत भिजविलेलें गोणपाट पसरावें, मातीचा लेप द्यावा आणि अळीव पेरावे. ते उगवावयास चार-पांच दिवस लागतात. तेव्हां वसुबारसेपूर्वींच हें काम आटोपावें. दरवाजाची वाट सरळ नेऊं नये. ती बुरुजाखालून वळवावी, म्हणजे चढून येणारा शत्रु वरच्या माऱ्यांत सांपडतो. मावळेही कवायतीसारखे ओळीनें न मांडतां वळणाच्या माथ्यावर, तटाच्या आड व पाण्याच्या टांक्यापाशीं ठेवावे.

राजगडासह १२ किल्ले २०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आले. पण बुरुज नेमका तेथेंच कां, हें ज्या मुलाला अंगणांत उमगलें, तें मोठेपणीं त्या बुरुजाचा ढासळता चिराही जपेल.