सेकंडहँड गाडीची साल निघते तेव्हा

अंजनगाव सुर्जीत मे महिना संपता संपता रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या एकदा वरून पाहाव्यात. काळ्या, लाल, गर्द निळ्या रंगाची जुनी गाडी असेल तर टपावर आणि बोनेटवर पांढरट चट्टे दिसतात, जणू कुणी ताक सांडून तसंच वाळू दिलं. पहिल्या वर्षी चट्टा नाण्याएवढा असतो, तिसऱ्या वर्षी ताटाएवढा होतो. मग कडेने पारदर्शक पापुद्रे सुटतात आणि गाडी धुतली की बोटाला चिकटून येतात.

आमच्या घरी गेल्या वर्षी आलेली आठ वर्षांची मरून गाडी असलीच आहे. अम्मींना दर महिन्याला अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागतं, एसटीची चढउतार आता त्यांना झेपत नाही. नवी गाडी परवडणारी नव्हती. चट्टे दिसत होते, विकणाऱ्याने ते लपवलेही नाहीत, त्यामुळे किंमत बरीच खाली आली आणि सौदा झाला. गाडी दारात लागली आणि दुसऱ्याच दिवसापासून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे खोबरेल तेल चोळा, कुणी म्हणे टूथपेस्ट लावा, कुणी रबिंग मारायला सांगे. असे सल्ले ऐकणारी घरं आपल्याकडे पुष्कळ असतील, म्हणून हा विषय जरा तपशिलाने मांडतो.

आधी हे चट्टे म्हणजे काय ते पाहू. आजच्या गाडीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर गंज रोखणारं अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर एक बिनरंगी, काचेसारखा थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात, आपल्याकडचे पेंटर त्याला नुसतं ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणतात. चमक असते ती याच थराची. खालचा रंग स्वतः मंद असतो. हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात आणि त्यात क्लिअरचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनचा. म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. एवढ्याशा झिल्लीवर वऱ्हाडचं ऊन झेलायची जबाबदारी टाकलेली असते.

जुन्या माणसांना हे पटत नाही, त्याला कारण आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर ज्यांनी वापरली, त्यांच्या गाडीला एकच रंगाचा थर होता. तो उन्हाने फिका पडला की कंपाउंड लावून घासायचं, वरची मेलेली भुकटी निघून जायची आणि खालून ताजा रंग यायचा. फडक्याला गाडीचा रंग लागायचा. त्या गाड्यांसाठी तो सल्ला अगदी बरोबर होता. काही जुन्या साध्या पांढऱ्या गाड्यांना आजही तो लागू पडतो. आपली गाडी कोणत्या जातीची ते पाहायचं असेल तर कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या फडक्याने थोडं कंपाउंड घासावं. फडक्याला रंग आला तर एकेरी थर, नाही आला तर वर क्लिअर आहे. मेटॅलिक रंग असेल तर तपासायचीही गरज नाही, त्यावर क्लिअर असतोच.

आता ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण क्लिअरमधल्या रासायनिक साखळ्या तोडत राहतात. ते किरण अडवणारी द्रव्ये कारखान्यातच त्यात मिसळलेली असतात, पण वर्षागणिक तीही खर्च होतात. त्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात गेला की गडद रंगाच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि रात्री तोच पत्रा गार होतो. रोज फुगायचं, रोज आकसायचं. झिल्ली आधी निस्तेज होते, मग कडक होते, मग तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आणि हवा खाली शिरली की झिल्ली रंगापासून सुटते. पांढरं दिसतं ते या सुटलेल्या, भेगाळलेल्या झिल्लीमुळे, खाली मरून रंग असतोच.

म्हणूनच ओल्या गाडीवर चट्टे दिसत नाहीत. पाणी भेगांत भरतं आणि गाडी नव्यासारखी दिसते. वाळली की पुन्हा ताक. तेलाने किंवा सिलिकॉनच्या पॉलिशने हेच काही दिवस टिकतं. जुन्या गाडीच्या बाजारात सकाळी धुऊन, चकचकीत करून उभी केलेली गाडी पाहायला जाणाऱ्यांनी एवढं करावं: दुपारच्या उन्हात जावं, गाडी कोरडी असावी, आणि टपावर सुक्या फडक्याचा एक हात मारून बघावा.

चट्टे कुठे आहेत यावरूनही बरंच कळतं. टप, बोनेट आणि डिक्कीचा वरचा भाग, म्हणजे आकाशाकडे तोंड असलेले पत्रे आधी जावेत हे नैसर्गिक आहे. पण टप ठणठणीत आणि एकाच दरवाज्याची साल निघतेय, असं असेल तर तो दरवाजा आधी कधीतरी ठोकला गेला आहे आणि बाहेर रंगवला आहे असं समजायला हरकत नाही. अशा जागी झिल्ली भुकटीसारखी न होता कांद्याच्या पातीसारखी मोठमोठ्या पापुद्र्यांनी निघते, कारण खालचा थर नीट न घासता किंवा जास्त वाळू देऊन वर क्लिअर मारलेला असतो. रंग स्वस्तात होईल, पण तो दरवाजा कशामुळे बदलला किंवा ठोकला हे विक्रेत्याला विचारायलाच हवं. आणि आपण विकायला निघालो तर हा ऐब गिऱ्हाइकाला आपणच आधी दाखवायचा. त्यावर तेल चोळून गाडी उभी करणं याला आम्ही व्यापार म्हणत नाही.

कंपनीचा रंग म्हणून तो फसत नाही असंही नाही. टोयोटासारख्या कंपनीला 2019 साली अमेरिकेत आपल्या काही पांढऱ्या गाड्यांच्या रंगाची हमी वाढवून द्यावी लागली. तिथे दोष क्लिअरचा नव्हता, अस्तर आणि त्यावरचा प्रायमर यांच्यातली पकडच उन्हाने सुटत होती. आठ-दहा वर्षांच्या सेकंडहँड गाडीला मात्र कोणतीही हमी उरलेली नसते, खर्च आपलाच.

या खर्चासाठी आम्ही गावातल्या एका वयस्क पेंटरकडे गेलो. त्यांनी बोनेटवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “सर, हे पालिशनं नाही जात. वरची झिल्लीच गेली, आता घासाल त काय घासाल?” सगळ्या लेखाचं सार या वाक्यात आहे. क्लिअर नुसता निस्तेज झाला असेल, नख कुठे अडकत नसेल, तर कंपाउंड आणि पॉलिशने तो काही वर्षं तगतो. तेही जपून, कारण प्रत्येक रबिंग दोन-चार मायक्रॉन खाते आणि मुळात होते किती? पण एकदा कड सुटली की पॉलिश, सिरॅमिक कोटिंग, टूथपेस्ट, काहीही तिला परत चिकटवत नाही. वरून व्हिनाइलचं रॅप चिकटवणाऱ्यांनी हेही समजून घ्यावं की रॅप काढताना उरलेला क्लिअरही त्याच्याबरोबर निघून येतो. तेल आणि सिलिकॉन यांचा तर उलटा त्रास होतो: पुढे रंग मारताना ते पत्र्यावर राहिलेलं असेल तर ताज्या रंगात बारीक खड्डे पडतात.

खरा इलाज घासून पुन्हा मारणं. तो अख्ख्या पॅनलचाच करावा लागतो, चट्ट्यापुरता केला तर जुन्या-नव्याचा जोड दिसतो आणि तिथूनच पुन्हा सुटतो. आधी 400 नंबरच्या पाणी पेपरने सगळी सुटलेली झिल्ली काढायची, कडा बोटाला लागणार नाही इतकी सपाट करायची, मग 600, 800. खालचा रंग उन्हाने उडाला असेल तर रंगाचा हात द्यायचा, पत्रा उघडा पडला असेल तर त्याआधी प्रायमर. शेवटी क्लिअरचे दोन हात. बोनेट सोपं, ते सुटं पॅनल आहे. टप मागच्या खांबांना सलग जोडलेला असतो, कुठे थांबायचं हाच प्रश्न, म्हणून त्याचे पैसे जास्त. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. तो पेंटरला द्यावा, नुसतं ‘मरून’ म्हणू नये. त्याच रंगात गाडी रंगवायला कुणाला विचारावं लागत नाही, पण रंग बदलायचा असेल तर आरसीवर रंगाची नोंद असते, आरटीओत जाऊन ती बदलून घ्यावी लागते.

क्लिअर कोणता मारणार हे आधी ठरवून घ्यावं. स्प्रेच्या साध्या डब्यातला किंवा एनसी लॅकर स्वस्त पडतो, लवकर वाळतो आणि आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत परत जातो. टिकतो तो हार्डनर मिसळून मारायचा पीयू क्लिअर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. काम झाल्यावर महिनाभराने आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा दाबून पाहावा. एनसी असेल तर तो विरघळून बोळ्याला लागतो, नीट वाळलेला पीयू हलत नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे, जी गाडीपेक्षा मोठी आहे. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून उडालेला त्याचा बारीक फवारा श्वासात गेला तर दमा होतो, आणि पेंटिंगच्या धंद्यातल्या दम्याचं ते जगभर ओळखलं गेलेलं कारण आहे. एकदा शरीराने ते नाकारायला सुरुवात केली की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही छाती भरून येते. कधी त्रास कामावर होत नाही, रात्री घरी खोकला उठतो, म्हणून कुणी त्याचा संबंध रंगाशी जोडत नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही असंही नाही. आपल्या भागात डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये आपल्याच घरांतली पोरं आहेत, दहावी झाली की काम शिकायला बसतात, आणि तोंडाला रुमाल बांधून गन चालवतात. रुमालाने धूळ थांबते, हे थांबत नाही. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क सगळ्यात चांगला. तो नसेल तर निदान रंगाच्या वाफेसाठी असलेला कार्ट्रिजचा मास्क हवा, कार्ट्रिज वेळच्या वेळी बदललेलं, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि फवारा चालू असताना शेडमध्ये दुसरं कुणी नाही. पापुद्रे घासायचे तेही ओले करून. आम्ही पेंटरचाचांना सांगितलं की मास्कचे पैसे बिलात वेगळे लावा, आम्ही देतो. ते आधी हसले. मग त्यांनीच अमरावतीहून दोन मागवले, एक स्वतःला, एक हाताखालच्या मुलाला.

टप आणि बोनेट मिळून त्यांनी जो आकडा सांगितला त्यात चार टायर आले असते. आमच्या गाडीचे मागचे दोन टायर घासलेले होते आणि अम्मींना घेऊन पावसात जायचं होतं. म्हणून टायर आधी झाले. क्लिअर गेल्याने गाडी बंद पडत नाही, खालचा रंग आणि प्रायमर शाबूत आहे तोवर पत्राही लगेच गंजत नाही. बोनेट डिसेंबरात केलं. पावसाळ्यात हवेतला ओलावा ताज्या रंगावर पांढरी धूसर छटा आणतो, मे महिन्यात थिनर गन सोडताच उडून जातं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. आपल्याकडे रंगकामाला थंडीचे दिवस बरे.

टप अजून तसाच आहे. तो वाढू नये म्हणून जे जमतं ते करतो. गाडी निंबाखाली लावत नाही: सावली मिळते, पण पाखरांची विष्ठा तापलेल्या पत्र्यावर क्लिअर खाते, ती दिसली की लगेच ओल्या फडक्याने उचलायची, कोरडी खरडायची नाही. त्यापेक्षा भिंतीच्या सावलीत, टप दुपारी उन्हाबाहेर राहील अशी जागा बघतो. दुसरी गोष्ट पाणी. आपल्या तालुक्याचा काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली की क्षारांचे ठिपके उठतात, ते हळूहळू क्लिअरमध्ये रुततात. नळाचं गोडं पाणी एक बादली पुरे, सकाळी लवकर, आणि लगेच सुक्या फडक्याने पुसून काढायचं. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालायचं नाही, वाऱ्याने ते हललं की खालची धूळ पाणी पेपरसारखी घासते. चांगल्या राहिलेल्या दारांना आणि नव्या बोनेटला दोन-तीन महिन्यांनी साधं वॅक्स. नव्या बोनेटला पहिला महिना तेही नाही, आतलं थिनर पुरतं उडून जायला तेवढा वेळ लागतो. टपाच्या सुटलेल्या कडांना मात्र वॅक्स, तेल काहीच लावत नाही, येत्या थंडीत पेंटरचाचांना तो कोरडाच हवा आहे.