काउंटरवरचा ब्राउझर कुंपणात ठेवा: लिनक्सचा लाँचर बदलायची सोपी पद्धत



दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिवसभरात काय काय उघडलं जातं ते एकदा मोजून बघा. जीएसटी पोर्टल, नेट बँकिंग, व्हॉट्सॲप वेब, गिऱ्हाइकाने प्रिंटसाठी मेल केलेली पीडीएफ, कुणाच्या तरी मुलीचा परीक्षेचा फॉर्म. हे सगळं एकाच ब्राउझरमधून. आणि त्याच कॉम्प्युटरवर उधारीची शीट, स्टॉक, पार्ट्यांचे बँक डिटेल्स आणि लोकांच्या आधार कार्डांचे स्कॅनही पडलेले असतात.

लिनक्सवर व्हायरसचा त्रास कमी, हे खरं. पण एक गोष्ट समजून घ्या. साध्या पद्धतीने इन्स्टॉल केलेला ब्राउझर तुमच्या लॉगिनने चालतो. म्हणजे जी फाइल तुम्ही उघडू शकता, ती तोही उघडू शकतो. वेबसाइटला तुमच्या फाइली थेट दिसत नाहीत, तेवढी काळजी ब्राउझर स्वतः घेतो. पण ब्राउझरमध्येच एखादं भोक निघालं आणि कुणी त्यातून आत शिरलं, तर पुढे अडवायला कुणी नसतं. शिवाय रोजचा धोका वेगळाच असतो. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा एकाच्या फॉर्मवर दुसऱ्याचं आधार अपलोड करून बसतो, कारण अपलोडच्या खिडकीत सगळंच दिसत असतं.

यावर उपाय म्हणजे सँडबॉक्स. सोप्या भाषेत कुंपण. ब्राउझर कुंपणात चालवायचा आणि त्याला लागेल तेवढंच दाखवायचं. व्हिडिओत आपण त्यासाठी फायरजेल हा मोफत प्रोग्रॅम इन्स्टॉल केला. या लेखात त्याच्या पुढचं काम करू, ते म्हणजे लाँचर बदलायचा. कारण कुंपणातला ब्राउझर टर्मिनलमधून कमांड देऊन चालवायचा असेल, तर तो फक्त तुम्ही चालवाल, तोही पहिले चार दिवस. दुकानात माणसं आयकॉनवर क्लिक करतात. म्हणून सुरक्षा आयकॉनमध्येच बसवायची. मग कुणाला काही लक्षात ठेवायला लागत नाही.

आधी तुमचा फायरफॉक्स कोणता ते बघा

लिनक्स मिंट किंवा डेबियन असेल तर फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये येतो आणि खालची पद्धत चालते. उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढचं असेल तर फायरफॉक्स स्नॅपमध्ये येतो. स्नॅपचं स्वतःचं कुंपण असतं, त्यावर फायरजेल चढवता येत नाही. त्या कुंपणातून होम फोल्डरमधल्या लपवलेल्या फाइली दिसत नाहीत, पण डॉक्युमेंट्समधल्या साध्या फाइली दिसतात, हे लक्षात असू द्या. फ्लॅटपॅकवाला फायरफॉक्स असेल तर त्यालाही कुंपण असतंच आणि फ्लॅटसील नावाच्या ॲपमधून ते कमी-जास्त करता येतं. बाकीचा लेख साध्या पॅकेजवाल्यांसाठी आहे.

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, पण टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची. व्हिडिओत त्या मोठ्या अक्षरांत दाखवल्या आहेत, तो बाजूला उघडून ठेवा.

पायरी १: कुंपण लागतंय का ते तपासा

फायरफॉक्सच्या सगळ्या खिडक्या बंद करा. एक जरी उघडी राहिली, तर नवी खिडकी त्या जुन्याच ब्राउझरमध्ये उघडू शकते आणि आपल्याला वाटतं कुंपण लागलं. आता टर्मिनलमध्ये लिहा:

फायरजेल फायरफॉक्स

ब्राउझर उघडला की पत्त्याच्या जागी फाइल, कोलन, तीन स्लॅश आणि होम असं टाइप करा, आणि आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये जा. डाउनलोड्स दिसेल, डॉक्युमेंट्समधली उधारीची शीट दिसणार नाही. फाइल जागेवरच आहे, फक्त ब्राउझरला दिसत नाही. हे काम लिनक्सचा कर्नलच करतो. नेमस्पेस नावाच्या सोयीने तो प्रत्येक प्रोग्रॅमला फाइल सिस्टीमचं वेगळं चित्र दाखवू शकतो आणि फायरजेल तीच सोय वापरतं.

पायरी २: लाँचरची फाइल कॉपी करा

मेनूमधला प्रत्येक आयकॉन म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी डॉट डेस्कटॉप असतं. या फाइली कशा लिहायच्या याचं ठरलेलं स्टँडर्ड आहे, त्यामुळे सिनॅमन, गनोम, केडीई, एक्सएफसीई सगळीकडे हीच पद्धत चालते.

सिस्टीमच्या लाँचर फाइली यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये असतात. तिथे हात लावायचा नाही. तिथे केलेला बदल फायरफॉक्सच्या पुढच्या अपडेटमध्ये पुसला जातो. तिथली फायरफॉक्सची फाइल कॉपी करा आणि आपल्या होममधल्या डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये पेस्ट करा. डॉट लोकल दिसत नसेल तर कंट्रोल एच दाबा, लपवलेले फोल्डर दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर तुमच्या होममधली चालते आणि सिस्टीमची मागे पडते. म्हणून कॉपीचं नाव बदलू नका. नाव तेच ठेवलं की मेनूत एकच आयकॉन राहतो. आणि फायरफॉक्स डिफॉल्ट ब्राउझर असेल तर मेलमधल्या लिंकवर क्लिक केल्यावरसुद्धा तो कुंपणातच उघडतो. नाव बदललंत तर दोन आयकॉन दिसतील, एक कुंपणातला आणि एक मोकळा, आणि लिंक मोकळ्यातूनच उघडत राहतील.

पायरी ३: एक्झेकच्या ओळी बदला

कॉपी केलेली फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एक्झेक या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. आयकॉनवर क्लिक केल्यावर कोणती कमांड चालवायची, ते या ओळीत लिहिलेलं असतं. मिंटमध्ये ती साधारण अशी असते:

एक्झेक=फायरफॉक्स %यू

ती अशी करा:

एक्झेक=फायरजेल फायरफॉक्स %यू

बरोबरच्या चिन्हानंतर फक्त एक शब्द आणि एक स्पेस वाढली. टक्क्याच्या चिन्हाजवळचं यू काढू नका. क्लिक केलेल्या लिंकचा पत्ता तिथे जाऊन बसतो. ते गेलं तर लिंकवर क्लिक केल्यावर नुसता ब्राउझर उघडेल, पान उघडणार नाही.

आता खाली स्क्रोल करा, इथेच बरेच जण थांबतात. एक्झेक फाइलमध्ये एकदाच नसतं. आयकॉनवर राइट क्लिक केल्यावर नवीन विंडो, नवीन प्रायव्हेट विंडो असे पर्याय येतात ना? त्या प्रत्येकाची स्वतःची एक्झेक ओळ असते. वरची बदलली आणि खालच्या तशाच ठेवल्या, तर राइट क्लिक करणारा माणूस कुंपणाबाहेर जातो. सगळ्या ओळी बदला.

नेममध्ये 'फायरफॉक्स कुंपण' असं काही लिहा, म्हणजे ओळख राहते. कॉम्प्युटरची भाषा मराठी असेल तर नेमपुढे चौकटी कंसात एमआर लिहिलेली ओळ शोधा. मेनूत ते नाव दिसतं, त्यामुळे नुसतं नेम बदलून फरक दिसणार नाही.

सेव्ह करा. पॅनेलवर जुना आयकॉन पिन केलेला असेल तर तो काढून नवा पिन करा. मेनूत बदल दिसला नाही तर एकदा लॉग आउट करून परत या.

पायरी ४: बँकेचा दरवाजा वेगळा

याच फाइलच्या जोरावर एका ब्राउझरचे दोन-तीन दरवाजे करता येतात. होममध्ये बँक नावाचं फोल्डर इंग्रजीत बनवा आणि त्यात डाउनलोड्सचं फोल्डरही आधीच करून ठेवा. मग एक नवी डॉट डेस्कटॉप फाइल करा. इथे वेगळा आयकॉन हवाय, म्हणून फाइलचं नाव मुद्दाम वेगळं ठेवायचं. पहिल्या ओळीत चौकटी कंसात डेस्कटॉप एंट्री, मग टाइप=ॲप्लिकेशन, नेम, आयकॉन आणि ही ओळ:

एक्झेक=फायरजेल --प्रायव्हेट=/होम/दुकान/बँक फायरफॉक्स --नो-रिमोट %यू

'दुकान'च्या जागी तुमचं युजरनेम लिहा. पाथ पूर्ण लिहा, टिल्डचं चिन्ह वापरून शॉर्टकट करू नका. आता या ब्राउझरला बँक हेच फोल्डर आपलं घर वाटतं. याचे बुकमार्क, लॉगिन, कुकीज सगळे वेगळे. नो-रिमोटमुळे रोजचा ब्राउझर उघडा असतानाही हा वेगळा चालतो. दुसरी खिडकी हवी असेल तर आयकॉनवर पुन्हा क्लिक न करता आतूनच कंट्रोल एन दाबा. कामाला लागण्याआधी एक छोटी फाइल डाउनलोड करा, ब्राउझर बंद करा आणि ती बँक फोल्डरमध्ये आली का ते तपासा.

तिसरा आयकॉन गिऱ्हाइकासाठी. त्यात प्रायव्हेटनंतर बरोबरचं चिन्ह आणि पाथ काहीच लिहायचं नाही. असा ब्राउझर बंद केला की त्यातलं सगळं जातं, लॉगिनही आणि डाउनलोडही. कुणाला स्वतःचा मेल उघडून प्रिंट काढायची असेल तर हा दरवाजा द्या. प्रिंट आतूनच काढा, ब्राउझर बंद केल्यावर फाइल मिळणार नाही.

दुकानात सांगून ठेवायच्या गोष्टी

पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणणार, 'फाइल दिसत नाहीये.' जीएसटीआर-१ ची जेसन फाइल डॉक्युमेंट्समध्ये असेल तर ती खरंच दिसणार नाही. जी फाइल अपलोड करायची, तेवढीच डाउनलोड्समध्ये आणायची आणि काम झालं की हलवायची. हा त्रास थोडा आहे, पण चुकीची फाइल जाण्याचं बंद होतं ते यामुळेच. आणि डाउनलोड्समध्येच वर्षभराचे स्कॅन साठवले तर कुंपणाला अर्थ उरत नाही. रोज संध्याकाळी गल्ला मोजताना ते फोल्डर रिकामं करा. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन वापरत असाल तर शेवटच्या तारखेच्या आधी एकदा तपासून घ्या, कुंपणात ते अडू शकतं.

कुंपण काय करत नाही तेही ऐका. खोट्या बँकेच्या पानावर तुम्ही स्वतः पासवर्ड टाकला तर फायरजेल काही करू शकत नाही. आणि फायरजेल स्वतः रूटच्या अधिकाराने सुरू होतं, त्यामुळे त्याच्यातलं भोक महागात पडतं. २०२२ मध्ये असं एक सापडलं होतं आणि ०.९.७० या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. म्हणून अपडेट टाळू नका.

फायरसीएफजी नावाची कमांड सगळ्याच ओळखीच्या प्रोग्रॅमना एका झटक्यात कुंपण घालते. दुकानाच्या मशीनवर मी ती वापरायला सांगत नाही. एखादा प्रोग्रॅम अडला तर कशामुळे अडला ते शोधत बसावं लागतं. एक-एक आयकॉन बदला, दोन दिवस वापरा, मग पुढचा.

काही बिघडलं तर घाबरायचं कारण नाही. डॉट लोकलमधली तुमची फाइल डिलीट करा, सिस्टीमचा मूळ आयकॉन परत येतो.

आज दुकान बंद करण्याआधी एवढंच करा. ब्राउझर आयकॉनवरून उघडा, टर्मिनलमध्ये फायरजेल आणि पुढे --लिस्ट लिहा. यादीत फायरफॉक्स दिसला तर कुंपण लागलंय. नाही दिसला तर एक्झेकची एखादी ओळ राहिली असेल, ती शोधा.